उस्ताद उतरले, आता तुम्ही एकटे!

दोस्तांनो, रस्त्याच्या कडेला बसून ट्रक मोजायचा खेळ तुम्ही कधी खेळला आहात का? नंबरप्लेट वाचायची आणि गाडी कुठली ते ओळखायचं. एमएच १२ म्हणजे पुणे. एमएच २० म्हणजे छत्रपती संभाजीनगर. आणि एमएच २१? ओळखा पाहू! बरोब्बर, जालना!

हा एमएच २१ तुम्हाला पार दूरदूरच्या रस्त्यांवर भेटेल. कारण जालना हे मालाचं गाव आहे. ‘जालना, सोने का पालना’ असं जुने लोक म्हणायचे ते काही उगीच नाही. इथल्या भट्ट्यांमध्ये भंगार लोखंड वितळवतात आणि त्यापासून घरं बांधायच्या सळया तयार करतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, तेव्हापासून बियाण्यांसाठीही जालन्याचं नाव झालं. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता. शिवाय जालन्याची मोसंबी आहे, कापूस आहे. भंगार येतं ट्रकने, सळई जाते ट्रकने. बियाणं, कापूस, मोसंबी, सगळं ट्रकनेच.

आणि ट्रक कोण नेतं? ड्रायव्हर! पण आपण ट्रक मोजतो, ड्रायव्हर मोजत नाही. त्याचा चेहराही आपण पाहत नाही. म्हणून आज एक गंमत करू या. आज तुम्हालाच ड्रायव्हरच्या सीटवर बसवू. समजा, तुम्ही बावीस वर्षांचे आहात. मंठ्याला, भोकरदनला नाहीतर घनसावंगीला तुमचं घर आहे. ट्रक चालवायचं शिक्षण नुकतंच संपलंय. उद्या पहाटे पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर उस्ताद नसणार. तुम्ही एकटे, आणि मागे १८ टन लोखंड!

पोटात गोळा आला ना? थांबा. तिथवर कसे पोचलात, ते आधी बघू.

क्लीनरची शाळा

पूर्वी ट्रक शिकायची शाळा म्हणजे खुद्द ट्रकच होता. पोरगा आधी क्लीनर म्हणून चढायचा. काच पुसायची, पाणी भरायचं, ताडपत्री बांधायची, दोरखंड आवळायचा, टायरची हवा बघायची. गाडी मागे घेताना खाली उतरून ‘आने दो, आने दो’ ओरडायचं. ड्रायव्हर म्हणजे त्याचा उस्ताद. उस्तादाची मर्जी झाली की एखाद्या मोकळ्या मैदानात स्टिअरिंग हातात यायचं. मग रिकामी गाडी, मग भरलेली, मग रात्रीची. चार-पाच वर्षांनी क्लीनरचा ड्रायव्हर व्हायचा.

या शाळेत शिकायला खूप मिळायचं. इंजिनाचा आवाज बदलला की काय बिघडलं, हे उस्ताद कानाने सांगायचे. पण या शाळेत मोठी खोट होती. बारा-तेरा वर्षांची पोरं शाळा सोडून क्लीनर व्हायची. उस्ताद चांगला असला तर ठीक, पण त्याला वाईट सवयी असल्या तर पोरगा त्याही उचलायचा. आज १४ वर्षांखालच्या मुलाला असं कामाला ठेवणं गुन्हा आहे, आणि १८ वर्षांपर्यंत धोक्याची कामं देता येत नाहीत. तेव्हा कुणी म्हणालं, ‘शाळा सोड, चल माझ्या गाडीवर,’ तर सरळ नाही म्हणायचं, बरं का!

कायद्याची शाळा

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. आपल्या देशात वाहनांचा मोठा कायदा आहे, १९८८ चा मोटार वाहन कायदा. त्याची शिडी अशी आहे.

पहिली पायरी १८ व्या वर्षी. आरटीओत जाऊन शिकाऊ लायसन्स काढायचं. रस्त्यावरच्या खुणा आणि नियम यांची परीक्षा द्यायची. निदान ३० दिवस शिकून झाल्यावर गाडी चालवून दाखवायची. पास झालात की मोटारीचं पक्कं लायसन्स.

दुसरी पायरी म्हणजे वाट बघायची. हो, वाट बघणं हीसुद्धा पायरीच आहे! मोटारीचं लायसन्स हातात येऊन निदान एक वर्ष व्हायला हवं आणि वयाची २० वर्षं पूर्ण व्हायला हवीत. त्याआधी ट्रक शिकायचं लायसन्सच मिळत नाही.

तिसरी पायरी डॉक्टरांची. डोळे नीट दिसतात का? लाल-हिरवा रंग ओळखता येतो का? कान, हात, पाय ठीक आहेत का? तसा दाखला लागतो.

चौथी पायरी ड्रायव्हिंग स्कूलची. २०२१ साली सरकारने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. त्यात जड वाहनांचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांचा आणि ३८ तासांचा ठरवला आहे. त्यात वर्गातला अभ्यास येतो आणि प्रत्यक्ष चालवणंही येतं. या केंद्रांमध्ये सिम्युलेटरही असतो. म्हणजे समोर पडदा, हातात स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक आणि क्लच. पडद्यावर पाऊस पडतो, धुकं येतं, मध्येच गाय आडवी येते. तिथे चुकलात तर कुणालाच लागत नाही.

मग आरटीओच्या ट्रॅकवर परीक्षा. ती पास झालात की ट्रकचं लायसन्स मिळतं. त्याची मुदत ५ वर्षं. ती संपली की पुन्हा डॉक्टरांचा दाखला आणि नूतनीकरण.

आणखी एक गोष्ट. पूर्वी ट्रक-बसच्या लायसन्ससाठी आठवी पास असावं लागायचं. २०१९ मध्ये ती अट काढून टाकली. ‘मग अभ्यास कशाला?’ असं लगेच म्हणू नका हं! आजच्या ट्रकमध्ये डॅशबोर्डवर कितीतरी दिवे आणि खुणा असतात. मालाचं ई-वे बिल असतं, बिल्टी असते, विमा, परमिट, फिटनेस, पीयूसी अशी कागदपत्रं असतात. परराज्यात गेलं की पाट्या हिंदी-इंग्रजीत वाचाव्या लागतात. डिझेलचा, टोलचा, जेवणाचा हिशेब लिहावा लागतो. कायद्याने आठवी मागितली नाही, तरी रस्ता रोज परीक्षा घेतो.

गाडी युरिया पिते!

लायसन्स मिळालं, पण कुणी शहाणा मालक लगेच नव्या ड्रायव्हरला एकटं सोडत नाही. काही महिने जुन्या ड्रायव्हरबरोबर जायचं. म्हणजे उस्ताद पुन्हा आलेच!

समजा, तुमचे उस्ताद पन्नाशीचे आहेत. कमी बोलतात. पहिल्याच दिवशी ते विचारतात, “युरिया टाकला का रे?”

तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे. तुम्हाला हसू येतं. युरिया तर आपण पिकाला देतो! पण उस्ताद चेष्टा करत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या मोठ्या डिझेल ट्रकमध्ये डिझेलच्या टाकीबरोबर आणखी एक छोटी टाकी असते. तिच्यात शुद्ध पाण्यात मिसळलेला ३२.५ टक्के युरिया भरतात. तो इंजिनात जात नाही, धुराच्या वाटेत फवारला जातो. त्यामुळे धुरातले विषारी नायट्रोजन ऑक्साइड वायू फुटतात आणि साधा नायट्रोजन व पाण्याची वाफ बाहेर पडते. आहे की नाही गंमत! पण शेतातला युरिया त्यात कालवायचा नाही, नाहीतर यंत्रणा बिघडलीच म्हणून समजा.

मग उस्ताद हवा दाखवतात. टायरमधली नव्हे, ब्रेकची! सायकलचा ब्रेक आपल्या हाताच्या जोराने लागतो. ट्रकला तेवढा जोर कसा पुरणार? तिथे दाबलेली हवा काम करते. इंजिन सुरू झालं की एक पंप टाक्यांमध्ये हवा भरतो. पुरेशी हवा भरल्याशिवाय गाडीचा पार्किंग ब्रेक सुटत नाही. हवा कमी झाली तर बझर वाजतो. म्हणून इंजिन चालू केल्या केल्या गिअर टाकायचा नाही. काट्याकडे बघत उभं राहायचं.

“गडबड कशाला करायलास?” उस्ताद म्हणतात. “हवा भरू दे. गाडी तयार झाली की तीच सांगती.”

माल बदलला की गाडी बदलते

उस्ताद दुसरं शिकवतात ते मालाबद्दल. ट्रक तोच असतो, पण माल बदलला की तो वेगळाच वागायला लागतो.

आता लोखंडाचंच बघा. मागे आठ आणि पुढे दोन अशी दहा चाकं असलेल्या ट्रकचं मालासकट वजन कायद्याने २८.५ टनांपर्यंत चालतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं तर साधारण १८ टन माल मावतो. १२ मिलिमीटर जाडीची आणि १२ मीटर लांबीची एक सळई साडेदहा किलोपेक्षा थोडी जास्त भरते. म्हणजे १८ टनांत सुमारे १७०० सळया! पण लोखंड इतकं जड असतं की एवढ्या सळयांनीही ट्रकचा हौदा भरत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, गाडी जवळजवळ रिकामीच आहे!

कापसाचं उलटं. वजन कमी, पण ढीग उंच. अशी गाडी वळणावर जोरात घेतली की कलंडू शकते, कारण तिचा भार वर असतो. टँकरमध्ये पातळ पदार्थ अर्धवट भरलेला असला तर ब्रेक मारल्यावर तो आत हिंदकळतो आणि थांबलेल्या गाडीला पुन्हा धक्का देतो. बादलीभर पाणी घेऊन धावून बघा, कळेल. आणि मोसंबीला घाई असते. उन्हात गाडी उभी राहिली तर फळ खराब होतं.

सळयांना आणखी एक वाईट खोड असते. गाडी अचानक थांबली की त्या थांबायला तयार नसतात. तुम्ही विज्ञानात जडत्व शिकलात ना? तेच हे. ब्रेक लागला, ट्रक थांबला, पण सळया पुढे सरकतात. आणि पुढे काय असतं? केबिन! म्हणून माल नीट आवळून बांधणं हे काही हमालांवर सोडून देण्याचं काम नाही. ड्रायव्हरने स्वतः हात लावून बघायचं असतं. सळई फाळक्याबाहेर डोकावत असेल तर तशी गाडी न्यायचीच नाही. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती अंधारात दिसत नाही.

थांबायची विद्या

दोस्तांनो, ट्रक चालवणं म्हणजे काय, असं तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्ही म्हणाल, गाडी पळवणं. उस्ताद म्हणतील, गाडी थांबवणं! एक छोटं गणित करू या.

ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. म्हणजे ११ मीटर गेलेच. मग ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत, समजा, आणखी १५ मीटर. एकूण २६.

आता वेग दुप्पट करा, ताशी ८०. पहिल्या एका सेकंदात २२ मीटर. आणि ब्रेक लागल्यावर? १५ ची दुप्पट ३० असं म्हणालात तर चुकलात! वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होतं. म्हणजे ६० मीटर. एकूण ८२. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. अशी सहा मैदानं एकापुढे एक मांडा. एवढी जागा संपेपर्यंत ट्रक थांबत नाही. हे झालं चांगल्या ब्रेकचं आणि कोरड्या रस्त्याचं. पावसात अंतर आणखी वाढतं.

उतारावर तर याहून काळजी. जालन्याचा माल मुंबईकडे निघाला की घाट उतरावा लागतो. डिझेल वाचवायच्या नादात काही जण तिथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, तापून निकामी होतात. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम असा, की ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. दोन लिटर डिझेलसाठी जीव पणाला लावायचा नाही.

तुम्ही शिकत असता तेव्हा शेजारून आवाज येत असतो. “हळू.” “अंतर ठेव.” “डोळे लाल झालेत, थांब.” तुम्हाला कधी कधी रागही येतो. सारखं काय थांब-थांब! पण ज्या दिवशी उस्ताद उतरतात, त्या दिवशी हा आवाज बंद होतो. मालक फोनवर विचारतो, कुठवर आलास? माल घेणारा विचारतो, किती वाजता पोचशील? ढाब्यावरचे म्हणतात, एवढ्यात थकलास? सगळे ‘चल’ म्हणतात. ‘थांब’ म्हणणारं केबिनमध्ये कुणीच नसतं.

एकट्या ड्रायव्हरला म्हणूनच ते स्वतःला म्हणावं लागतं. परीक्षा असते ती याचीच.

पहाट झाली, चला!

आता खरी वेळ आली. जालन्यातून सळया भरल्या आहेत. माल जायचाय नागपूरला. काट्यावर गाडी तोलून झाली, वजन बरोबर आहे. रात्री तुम्ही गप्पा मारत बसला नाहीत, सात तास झोपलात. शाब्बास! अर्धं काम तिथेच झालं.

पहाटे साडेपाचला तुम्ही गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारता. हातात टॉमी. एकेका टायरवर ठोकायचं. हवा भरलेला टायर टणक वाजतो, हवा गेलेला बद्द वाजतो. मागच्या जोडचाकांमध्ये दगड अडकला नाही ना? दिवे, इंडिकेटर, वायपर? स्टेपनी, जॅक? गाडी बंद पडली तर मागे ठेवायचा चमकता त्रिकोण? दोरखंड, साखळ्या? आरसे? सगळं बघून झालं की चढायचं, पट्टा लावायचा, इंजिन सुरू करायचं आणि हवेच्या काट्याकडे बघत उभं राहायचं. आठवलं ना?

शेजारची सीट रिकामी आहे. तिच्यावर आईने दिलेला डबा आणि पाण्याची बाटली.

गाडी समृद्धी महामार्गाला लागते. मुंबई-नागपूर जोडणारा हा रस्ता ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि शेवटचा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ रोजी. जालना जवळजवळ त्याच्या मध्यावर येतं. मोटारींना इथे ताशी १२० पर्यंत मुभा आहे, ट्रकला मात्र ८०. पोरंटोरं मोटारीतून सूं करून पुढे जातील. जाऊ द्या. तुम्ही आपले डाव्या लेनमध्ये.

बुलढाणा जिल्हा लागतो. जिजाऊंचं सिंदखेडराजा याच भागात. इथे सगळ्यांनी जरा गंभीर व्हायचं. १ जुलै २०२३ च्या रात्री याच भागात समृद्धीवर एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी गेले. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं दगावली. हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. एकेका माणसामागे एक घर असतं.

सरळ, रुंद, मोकळा रस्ता सोपा वाटतो ना? तोच अवघड! वळण नाही, खड्डा नाही, बैलगाडी नाही. तासन्‌तास तोच काँक्रीटचा पट्टा आणि तीच पांढरी रेघ. डोळे उघडे असतात, पण मन गुंगतं. मागची दहा किलोमीटरं कशी गेली तेच आठवत नाही. म्हणून जाणते ड्रायव्हर नजर एका जागी ठेवत नाहीत. समोर, उजवा आरसा, समोर, डावा आरसा, काटे, पुन्हा समोर. काच जरा खाली करून वारा घेतात. आणि मुख्य म्हणजे थांबतात.

झोपेशी पैज लावून कुणी जिंकत नाही. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हातपाय दारू प्यायलेल्या माणसासारखे मंद होतात. त्यातही पहाटे २ ते ५ ही वेळ सगळ्यात वाईट, कारण त्या वेळी शरीराला झोपच हवी असते. जांभया, जड पापण्या, रेघेवरून सरकणारी गाडी ही सगळी शरीराने मारलेली हाक असते. अशा वेळी गाणी मोठ्याने लावून भागत नाही. सुरक्षित जागी गाडी उभी करायची आणि वीस मिनिटं झोपायचं. मात्र रस्त्याच्या कडेला कुठेही नाही हं! अंधारात उभा ट्रक मागच्या गाडीचा काळ ठरतो. पेट्रोलपंप, वाहनतळ अशीच जागा हवी.

ड्रायव्हरला विश्रांती मिळावी म्हणून १९६१ सालीच आपल्याकडे कायदा झाला होता. दिवसाला ८ तास काम, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास सुट्टी असं त्यात लिहिलं होतं. प्रत्यक्षात कित्येक ड्रायव्हर याच्या दीडपट-दुप्पट तास गाडी हाकत आले आहेत. उन्हाळ्यात जालन्यासारख्या ठिकाणी केबिन भट्टीसारखी तापते. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन असलीच पाहिजे असा नियम झाला आहे. चांगलं झालं. पण ड्रायव्हरची झोप कुठल्याही यंत्रात बसवता येत नाही.

वाशीम, अमरावती, वर्धा हे जिल्हे मागे पडतात. तुम्ही दोनदा थांबलात. डबा खाल्ला, टायर हाताने चाचपले, दोरखंड पुन्हा आवळला. फोन वाजला, पण चालत्या गाडीत उचलला नाही. दुपार झाली, आणि नागपूर आलं!

माल उतरला. घेणाऱ्याने पोचपावतीवर सही केली. तुम्ही वहीत डिझेल, टोल, जेवण लिहून काढलंत. मग घरी फोन.

“आई, पोचलो.”

पलीकडे दोन क्षण आवाजच येत नाही. मग ती विचारते, “जेवलास का?”

मुलींनो, तुम्हीसुद्धा!

आतापर्यंत वाचून एखादी म्हणेल, हे तर मुलांचं काम. छे! योगिता रघुवंशी यांची गोष्ट ऐका. त्या आपल्या महाराष्ट्रातल्या नंदुरबारच्या. लग्नानंतर भोपाळला राहिल्या. त्यांनी वाणिज्य आणि कायद्याची पदवी घेतली होती. २००३ मध्ये त्यांचे पती अपघातात वारले. पदरी दोन लहान मुलं. घरच्या ट्रकवर त्यांनी ड्रायव्हर ठेवला, पण ट्रकला हैदराबादजवळ अपघात झाला. त्या तिथे गेल्या, गाडी दुरुस्त करून घेऊन आल्या आणि मग ठरवलं, आपणच चालवायचं. शेजारी मदतनीस बसवून शिकल्या. नंतर एकटीने राज्यामागून राज्यं ओलांडत लांबच्या खेपा करू लागल्या. पुढे देशभर त्यांचं नाव झालं. कायदा शिकलेली बाई ट्रक चालवते, याचं लोकांना नवल वाटलं. त्यांना मात्र मुलांचं शिक्षण करायचं होतं.

आईबाबांसाठी दोन ओळी

अभ्यास केला नाही की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, ‘शिकला नाहीस तर ट्रक चालवशील!’ मोठ्यांनो, हे वाक्य आता सोडून देऊ या. जो माणूस २८ टनांची गाडी शेकडो किलोमीटर सुखरूप नेतो, ज्याला यंत्र, माल, कायदा आणि स्वतःचं शरीर या चौघांचंही भान ठेवावं लागतं, तो न शिकलेला कसा? तो दुसरं काहीतरी शिकलेला असतो. आपल्या मुलाला किंवा मुलीला हे काम करायचं असेल तर अडवू नका. फक्त दोन गोष्टी बघा. शाळा पुरी होऊ द्या, आणि शिडीची एकही पायरी गाळू देऊ नका. पैसे देऊन मिळवलेलं लायसन्स घाटात कामाला येत नाही.

तुम्ही हे करा

आता तुमच्यासाठी गृहपाठ. कंटाळू नका, सोपा आहे!

एक. ट्रकच्या अगदी पुढे, अगदी मागे आणि डाव्या बाजूला लागून अशा जागा असतात जिथलं ड्रायव्हरला काही दिसत नाही. सायकलवर असताना लक्षात ठेवा. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर ड्रायव्हरलाही तुम्ही दिसत नाही. मागे व्हा.

दोन. चालत्या ट्रकपुढून पळत रस्ता ओलांडू नका. ८२ मीटर आठवा. आपण सहज थांबतो, पण ट्रकला तसं थांबता येत नाही.

तीन. मैदानावर चुना घेऊन २६ मीटर आणि ८२ मीटर मोजून दोन रेघा मारा. एका रेघेवर उभं राहून दुसरीकडे बघा. मग हे गणित कधी विसरायचं नाही.

चार. तुमच्या गल्लीत, नात्यात कुणी ट्रक ड्रायव्हर काका, मामा, दादा असतील. त्यांना विचारा, तुमची पहिली एकट्याची खेप कुठली होती? उस्ताद कोण होते? आणि वाटेत कुठे थांबलात? बघा, कसे खुलून सांगतात ते!

आणि पुढच्या वेळी रस्त्यावर एमएच २१ दिसला, तर नुसता नंबर वाचू नका. केबिनकडे बघून हात हलवा. शेजारची सीट रिकामी असेल, तर जरा जास्तच जोरात हलवा!